साबणाला झालेला शेवटचा आजार

परवा पाटणच्या बाजारात मी साबण चाटला.

भर दुपारी, चारचौघांत, काखेत मेथीची जुडी असताना. बचत गटाच्या बायकांनी घरी केलेले साबण मांडले होते. त्यातला एक हिरवट तुकडा मी उचलला, उन्हात धरला, नखानं त्याचा कोपरा खरवडला, नाकाशी नेला आणि जिभेचं टोक लावून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा गटाची अध्यक्षीण मागं सरकून खांबाला टेकली होती, आणि माझी बायको, या माणसाशी आपला सात जन्मांत संबंध आलेला नाही अशा चेहऱ्यानं पलीकडे वांगी निवडत होती.

"झटका नाही," मी निकाल दिला. "माल चांगला आहे. पण घाई केलीत. अजून वाळू द्या."

"आवं दादा," अध्यक्षीण घाबरत म्हणाली, "त्यो खायाचा न्हाई."

आता तिला काय सांगू, की ही खोड मला तात्या सुभेदारांनी लावली, आणि तात्यांसमोर मी चाटलेले साबण एकावर एक रचले तर कोयना धरणाची भिंत थोडी वर उचलता येईल?

पलूसच्या अलीकडं, सगळीकडून उसानं वेढलेल्या एका गावात मी शाळामास्तर होतो, आणि तात्यांच्या सोप्याला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला हा माणूस. डोक्यावर एक केस नव्हता. सगळ्या केसांची बदली मिशीत झाली होती, आणि मिशीही कात्रीनं रोज छाटून बुटाच्या ब्रशाइतकी आखूड ठेवलेली. पहाटे शेतातल्या मोटारीवर जाऊन गार पाण्यानं अंघोळ करायची, ही नोकरीतली सवय. घरच्या न्हाणीत त्यांनी अंघोळीला कधी पाय ठेवला नाही. "दार लावून अंघोळ म्हंजी लपून अंघोळ," असं त्यांचं मत होतं. मुलगा सरहद्दीवर. घरात तात्या, हौसाकाकू आणि एक म्हैस. काकूंचे केस पांढरे झाले होते, पण लांबी अशी, की त्या दळण निवडायला बसल्या तर वेणीचं टोक शेजारच्या गल्लीत निवडत असायचं.

या माणसानं साबण का करावा? ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, म्हणून खात्रीनं सांगतो.

नोकरीभर तात्या सुट्टीवर येताना काकूंसाठी कॅन्टीनचे वासाचे साबण आणायचे. काकू तो साबण उलटसुलट बघायच्या, हुंगायच्या आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवून द्यायच्या. अंगाला, कपड्याला आणि प्रसंगी परातीलाही दुकानातला एकच लाल साबण. "वासाचा साबण लावून मी काय उसाला दावू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तात्या कायमचे घरी आले आणि त्यांनी काहीतरी शोधायला ती ट्रंक उघडली, तर आतमध्ये त्यांच्या नोकरीचा सगळा इतिहास कागदासकट पडलेला. काही साबणांना भेगा पडलेल्या, काही पिवळे, काही इतके जुने की पुरातत्त्व खात्याला कळलं असतं तर गावाभोवती कुंपण पडलं असतं.

"हौसा, एक बी लावला न्हाईस?" तात्यांचा आवाज.

"लावला आसता तर संपला न्हसता का?" काकूंचा आवाज. "मग फुडच्या सुट्टीपतोर हुंगायचं काय?"

या उत्तरात काय होतं, ते मला भिंतीपलीकडं कळलं. म्हशीलाही कळलं असावं, कारण ती रवंथ करायची थांबली. तात्यांना मात्र एवढंच कळलं, की साबणात काहीतरी खोट होती.

"मास्तर," ते तडक माझ्या दारात आले, "हिच्या अंगाला लागंल आसा साबण मी सोता करणार. न्हाई केला तर मिशी उतरवीन."

मी मिशीकडं पाहिलं. फार मोठा डाव लावला होता गड्यानं.

शिक्षण झालं मोबाईलवर. कुठल्याशा देशातली एक गोरी बाई सोडा, पाणी आणि तेल एकत्र करून ढवळायची, आणि तात्या तिच्यासमोर सावधान उभे राहायचे. तिनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका. तात्यांनी मान डोलावली आणि काकूंचं जर्मनचं मोठं पातेलं उचललं. लग्नाकार्याला भात शिजवायचं ते पातेलं. त्यात पाणी ओतलं, कॉस्टिक सोडा टाकला. पातेलं आधी फुसफुसलं, मग गुरगुरलं, मग काळं पडून असं उकळायला लागलं की घरामागच्या परड्यातल्या कोंबड्या पलूसच्या दिशेनं निघून गेल्या. वाफ ओसरल्यावर बघतो तर पातेल्याला बूड नव्हतं. नुसतं कडं उरलेलं.

"त्या बाईनं सांगितलं होतं ना, ॲल्युमिनियम नको म्हणून?" मी विचारलं.

"मग? ह्ये आपलं जर्मन हाय की!"

जर्मन म्हणजेच ॲल्युमिनियम, हे मी सांगितलं तेव्हा तात्या कितीतरी वेळ त्या कड्यातून आभाळाकडं बघत होते. मग त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, स्वतःला शिक्षा फर्मावली आणि परड्याला पळत फेऱ्या मारायला सुरुवात केली. हा त्यांचा नेम होता. चूक झाली की आरोपी कोण ते शोधायचं, आणि तपासाअंती आरोपी नेहमीच तात्या निघायचे. त्या सालात त्यांनी एवढ्या फेऱ्या मारल्या, की पोट सपाट झालं आणि परड्यात आपोआप रस्ता तयार झाला. तो रस्ता आमच्या पंचायतीनं केलेल्या रस्त्यापेक्षा पुष्कळ बरा होता.

भांडं मग स्टीलचं आलं. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, अंगात रेनकोट, हातात रबरी मोजे. साचा मात्र वीटभट्टीवरून आणला. त्यामुळं तात्यांचा साबण विटेच्या मापाचा व्हायचा. एका साबणात एक कुटुंब न्हाऊन निघेल आणि उरलेल्यावर मुलाचं लग्न होईल. हातातून निसटला तर पायाचं बोट वाचायचं नाही. पुढं त्यांनी तारेनं कापायची युक्ती काढली, पण ती फार उशिरा सुचली. तोवर शेजारच्या एका म्हातारीनं दोन साबणांवर चूल मांडली होती.

सकाळी परड्यात फळीवर साबणांची परेड लागायची. तात्या काखेत काठी धरून रांगेसमोरून चालायचे. मी तपास समितीचा मेंबर, म्हैस साक्षीदार.

"मास्तर, क्या रिपोर्ट है?"

"पहिल्यावर पांढरी पूड धरलीय, तात्या."

"बर्फ पडला. हवा लागली वरनं. झाकाया पायजे हुता. फुडं!"

"दुसरा मधोमध उलला आहे."

"ताप चढला त्याला. त्यात म्या काकवी घातली हुती, आन् वरनं गोधडी. आधीच सोड्याची गरमी, त्यात गोडाची गरमी. जवानाला उन्हाळ्यात स्वेटर घातला तर दुसरं काय हुणार? फुडं!"

काकवीचा साबण नुसता उलला नव्हता, हे तात्यांनी समितीपासून लपवलं. आदल्या दिवशी तो साच्यातून फुगून वर आला होता, फळीवरून उतरला होता आणि गोठ्याच्या दिशेनं निघाला होता. मी पाहिलं नसतं तर हळूहळू तासगावला पोचला असता.

"तिसरा चिरला की आतून रव्याच्या लाडवासारखा लागतोय."

"ढवळणारा मधीच झोपला. त्यो बी मीच. फुडं!"

"चौथ्याला ठिपके आलेत. केशरी."

तात्यांनी काठी आपटली. "गोवर! तेल खवट. हौसा! परवाचं भज्याचं तेल कुठं हाय?"

आतून आवाज आला, "तुमीच न्हेलं की गाळून! मला वाटलं, बिजागरीला न्हेलं."

तात्यांनी टोपी काढली. मी न सांगता हात पुढं केला. ते धावायला निघाले.

आणि मग ती जीभ. साबणात कॉस्टिक मोकळं उरलं असलं, तर जिभेला बॅटरीचा सेल चाटल्यासारखा झटका बसतो, असं तात्यांचं शास्त्र होतं. झटका बसला की साबण अनफिट. रोज सकाळी एवढे साबण चाटून त्यांच्या जिभेचं असं पायपुसणं झालं होतं, की काकूंनी एकदा मुद्दाम बिनमिठाची आमटी वाढली, दुसऱ्या दिवशी डबल मिठाची, आणि तात्या दोन्ही दिवशी "फस्क्लास" म्हणाले. काकूंचा खरा राग साबणावर नव्हता, या फस्क्लासवर होता.

"आवं मास्तर, आयुष्यभर मेसचं खाऊन आला ह्यो माणूस. म्हटलं, आता तरी माझ्या हातची चव कळंल. तर बसलाय साबण चाटत!"

तात्यांची कीर्ती पसरली ती पाचगणीपर्यंत. तिकडं त्यांच्या पलटणीतला दोस्त, बाजी हवालदार, स्ट्रॉबेरी लावायचा. त्यानं स्ट्रॉबेरीचा साबण करून पाहिला आणि फोनवर अक्षरशः रडला. तात्या पोहण्याचा चष्मा गळ्यात अडकवून निघाले, मला रजा टाकायला लावली, आणि एसटीनं आम्ही घाट चढलो.

बाजीनं कापड बाजूला केलं. "तात्या, घातला तवा लाल हुता. मग गुलाबी झाला. जेवून आलो तर चॉकलेटी. आन् आता बघ गड्या!"

आता तो शेणीसारखा दिसत होता. शेणीला निदान आकार असतो.

तात्यांनी साबण हुंगला, चाटला, डोळे मिटले. "फळ कवळं रं बाजी. सोड्याम्होरं फळ टिकत न्हाई, भाजून निघतंय. आन् ह्या बिया कशापायी ठेवल्यास? ह्यानं अंग घासलं तर माणूस न्हाई, किसल्यालं गाजर निघंल."

एवढ्यात गाडीतून एक जोडपं उतरलं. काळा चष्मा, मोठी टोपी. बाईनं ट्रेकडं बोट केलं. "हे काय आहे?"

"डोंगराची माती, मॅडम," बाजी डोळ्याचं पातं न लववता म्हणाला. "आंघोळीला. एकदा लावली की अंगाला नवी कातडी येतीया."

बाईनं सगळा ट्रे नेला. जाताना बाजीबरोबर फोटो काढला.

गाडी वळणाआड गेल्यावर तात्या कडाडले, "फौजी असून खोटं बोलतोस?"

"खोटं कुठं रं? जुनी ऱ्हाईली तरच नवी यायची न्हाई!"

परतीच्या एसटीत तात्या गळ्यातला चष्मा पुसत होते. पसरणीचा घाट उतरताना म्हणाले, "मास्तर, बघा की. त्या बाईनं न वळखता माती समजून साबण न्हेला. दुनिया घेईल. मला दुनिया नगं. मला एकच गिऱ्हाईक पायजे, आन् त्ये घरातच बसलंय हातात लाल साबण घिऊन."

मी मास्तर माणूस. मला सगळ्यावर काहीतरी बोलायची सवय. त्या वेळी मात्र मी खिडकीबाहेरची माकडं पाहिली.

मग आलं संज्याचं लग्न. संज्या तात्यांचा पुतण्या. लग्न ठरल्याबरोबर तात्यांनी जाहीर केलं, की हळदीनंतर नवरदेवाला न्हाऊ घालायचं ते घरच्या हळदीच्या साबणानं. आमच्याकडची हळद म्हणजे काय सांगावं, नुसतं पोतं फोडलं तरी चार घरं लांबच्या माणसाची कावीळ लपून जाते. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "संज्यानं लावला, आन् त्याला काय झालं न्हाई, तर मीबी लावीन. बास?"

एवढे शब्द ऐकले आणि तात्या हवेत गेले. त्यांचा स्वतःचा एक कडक नियम होता, "रिक्रूट आन् साबण, ट्रेनिंग पुरं झाल्याबिगर बॉर्डरवर धाडायचा न्हाई." चांगला महिनाभर फळीवर वाळल्याशिवाय ते साबणाला हात लावू देत नसत. पण मुहूर्त जवळ आला होता, आणि काकूंचा शब्द पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. नियम मोडला. मुठीमुठीनं हळद घातली. पिवळ्याधमक साबणाची वाट बघत दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर आत वीट. मापानं वीट, रंगानंही वीट. गवंड्याला दिली असती तर त्यानं लावून टाकली असती.

"हळदीला चुना लागला की कुकू हुतंया," काकू म्हणाल्या, "ह्ये पाळण्यातल्या पोरीला बी ठावं आसतंय. तुमचा सोडा म्हंजी चुन्याचा थोरला भाऊच की!"

"रंग बदलला, गुण न्हाई बदलला," तात्या म्हणाले. त्यांनी घाईघाईनं जीभ लावली. झटका बसला. कानाच्या पाळ्या हललेल्या मी स्वतः पाहिल्या. पण तात्या म्हणाले, "फिट."

हळदीच्या दिवशी संज्या मांडवात पाटावर बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. बँड वाजत होता. तात्या फेटा बांधून ताटातून वीट घेऊन आले. पाणी ओतलं, वीट घासली. आणि जिथं जिथं वीट फिरली तिथं तिथं संज्या बदलायला लागला. आधी केशरी, मग लाल, मग असा शेंदरी, की कडेला बसलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी हात जोडले. बँडवाल्यांनी गाणं सोडून आरती धरली.

"काका, आग हुतीया!"

"सहन कर! फौजीचा पुतण्या हायस!"

"फौजीच्या पुतण्याला बी कातडीच आसती, काका!"

काकू उठल्या. त्यांनी तात्यांना कोपरानं बाजूला केलं, घागरीमागून घागरी पाणी संज्यावर ओतलं, आणि तरी तो हाशहुश करतोय म्हणून जेवणावळीसाठी घुसळलेलं ताक त्याच्या डोक्यावर उपडं केलं. आता ताक आंबट. आंबट लागल्याबरोबर लाल झालेली हळद पुन्हा पिवळी होते. पण ताक काही एकसारखं पडलं नाही, ओघळ येतील तसं पडलं. लाल अंगावर पिवळे पट्टे. दुसऱ्या दिवशी नवरीनं त्याला हार घातला तो आवाजावरून ओळखून. वऱ्हाडाला ताक मिळालं नाही ही तक्रार तिच्या माहेरचे अजून करतात.

मांडवाभोवती त्या दिवशी पाहुण्यांनी एक देखणं दृश्य पाहिलं. फेटा, धोतर, कोल्हापुरी चपला, आणि त्यात धावत असलेले सुभेदार. पाहुण्यांना तो आमच्याकडचा विधी वाटला. त्यांच्यातलेही दोघं मागं धावले.

काकूंचा शब्द अर्थातच ताकाबरोबर वाहून गेला. पण त्या संसारी बाई, वाया काही जाऊ द्यायच्या नाहीत. तात्यांचे सगळे अनफिट साबण, गोवर आलेले, ताप चढलेले, विटेसारखे, त्यांनी कोपऱ्यात रचून ठेवले, आणि महिने उलटल्यावर त्या साबणांनी म्हैस धुवायला घेतली. म्हैस अशी चकाकायला लागली, की गल्लीतल्या पोरी शाळेला जाता जाता तिच्या पाठीत बघून टिकली नीट करायच्या. दूध काढायला आलेला माणूस एकदा तिच्यात स्वतःलाच बघून दचकला आणि नमस्कार करून गेला.

तात्यांना मात्र हे लागलं.

"म्हशीला चालतोय, आन् तुला न्हाई?"

"म्हशीच्या अंगाला हळद न्हवती."

"मग तुला कवा चालंल?"

"बगू."

हे 'बगू' तात्यांच्या काळजात गेलं. त्यांनी त्या दिवशी मिशीकडं आरशात बराच वेळ पाहिलं. कात्री हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. मग शेवटचा म्हणून एक साबण केला. हळद नाही, काकवी नाही, फळ नाही, वास नाही. घाण्यावरचं ताजं शेंगतेल, ताजं खोबरेल, सोडा, पाणी. ढवळताना झोपले नाहीत. तारेनं हातात मावतील असे तुकडे कापले आणि फळीवर ठेवून दिले. ना रूप ना रंग. एका कोपऱ्याला पोचा आलेला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि साबण फळीवर पडून राहिले. परेड बंद. जीभ बंद. परड्यातल्या रस्त्यावर गवत आलं. त्यातला एक तुकडा त्यांनी न्हाणीच्या कोनाड्यात नेऊन ठेवला, तोही काकूंना दाखवून नाही. "दमट हवंत कसा टिकतोय बघू," एवढंच माझ्याजवळ पुटपुटले.

आणि एके दिवशी सकाळी माझं दार धाडधाड वाजलं.

"मास्तर, नवा आजार! आसला मी कवाच बघितला न्हाई!"

तात्यांनी मला न्हाणीशी नेलं. टोपी डोक्यावर, काठी काखेत. कोनाड्यातला साबण त्यांनी तळहातावर घेतला. "बघा. धारा गेल्या. कोपरे गेले. मधी खळगा पडलाय. ठेवला तवा केवढा हुता, आन् आता केवढा! रोज बघतोय, रोज ल्हान हुतोय. साबण आकसतोय, मास्तर!"

मी साबणाकडं पाहिलं. साबण ओला होता. एका बाजूला फेसाचे बुडबुडे अजून फुटत होते.

"पाणी जास्त पडलं आसंल माझ्याकडनं," तात्यांचा तपास जोरात होता. "त्ये उडून जातंय. न्हाई तर मुंग्या. न्हाई तर उंदीर. पण उंदराचा दात कुठं दिसतोय? एवढा गुळगुळीत खाणारा उंदीर फौजेत बी न्हवता."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. केस धुतलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मी कप हातात घेतला. आजवर त्या घरातल्या प्रत्येक कपाला, ताटाला, पोळीच्या पदरालासुद्धा लाल साबणाचा वास यायचा. आज चहाला फक्त चहाचा वास होता.

मी वर पाहिलं. काकू माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: मास्तर, तोंड उघडलंत तर उद्यापास्नं आमटी मागायला येऊ नका. मी तोंड उघडलं, त्यात चहा घातला आणि मिटलं. काकू आत गेल्या.

"आता एकच तपासणी उरली," तात्या म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी साबणाला जीभ लावली. डोळे मिटले. "झटका न्हाई. मऊ हाय." मग त्यांचं तोंड वाकडं झालं. जिभेला काहीतरी चिकटलं होतं. चिमटीत धरून ते ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, संपतच नाही. मी मध्ये कप खाली ठेवून आलो, तरी ओढतच होते.

पांढरा केस होता. लांब.

तात्यांनी तो उजेडात धरला. माणूस तपासाला पक्का. आधी त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. मग मिशीवरून. मग माझ्या काळ्या, आखूड केसांकडं पाहिलं. मग दारातून गोठ्यात, चकाकणाऱ्या काळ्या म्हशीकडं. एकेक संशयित असा सुटत गेला. शेवटी त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारावर जाऊन थांबली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा जोरात.

मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. तात्यांनी साबण होता तसा, ओली बाजू वर करून कोनाड्यात ठेवला. केस बोटाला गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला. खिशाचं बटण लावलं. आणि मग पलटणीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"मास्तर, उंदीरच हाय!"

भाकरीचा आवाज थांबला. "मग पिंजरा लावा की!" आतून उत्तर आलं.

"नगं! गरिबाचा उंदीर हाय. खाऊ दे त्येला!"

दुपारी मला जेवायला बोलावलं. काकूंनी आमटी वाढली. तात्यांनी भुरका मारला, थांबले, आणि म्हणाले, "हौसा, मीठ जरा कमी पडलंय आज." काकूंनी मिठाची वाटी पुढं केली. एवढ्या आनंदानं मीठ वाढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर माझी पाटणला बदली झाली. सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला परड्यात गेलो, तर तात्या रेनकोट आणि पोहण्याचा चष्मा चढवून नवा घाणा ढवळत होते. पलीकडं बाजेवर काकू पाठमोऱ्या बसून उन्हात केस वाळवत होत्या. केस बाजेवरून उतरून अंगणभर पसरले होते, कोंबड्या त्यावरून जपून पाय टाकत होत्या.

"थांबता येत न्हाई मास्तर, हात सोडला तर रवाळ हुईल!" तात्या ढवळता ढवळता ओरडले. "उंदराचा साबण संपत आलाय! लय खातोय!"

काकूंनी मान वळवली नाही. केसांतला गुंता सोडवत तिकडूनच म्हणाल्या,

"उंदीर म्हंतोय, ह्या बारीला वाईच वास बी घाला."

तात्यांचा हात थांबला. चष्म्याच्या काचांवर आतून वाफ धरली. सोड्याची असेल. त्यांनी पळी माझ्या हातात दिली, टोपी काढून तीही माझ्या हातात दिली, आणि रेनकोट फडफडवत, कसलीही चूक झालेली नसताना, परड्याला फेऱ्या मारायला सुरुवात केली.